लॅपटॉप नसताना विद्यापीठात : पहिल्या महिन्यात करून घ्यायची कामं

परांड्याहून एम. ए. अर्थशास्त्राला आले तेव्हा माझ्याकडे कोपऱ्यात काच तडकलेला एक फोन आणि सोळा जीबीचा पेनड्राइव्ह होता. लॅपटॉप घेतला तो थेट तिसऱ्या सत्रात. पहिलं वर्ष विद्यापीठाची यंत्रं, विद्यापीठाचं वायफाय आणि गेटबाहेरचे झेरॉक्सवाले दादा यांच्या जिवावर निघालं, आणि तसं निभावलंही. त्रास झाला तो यंत्र नसल्याचा नाही, कुठली सोय कुठल्या खिडकीवर मिळते हे माहीत नसल्याचा. माहितीपुस्तिकेत ‘सुसज्ज संगणक कक्ष’ एवढंच छापलेलं असतं. त्या कक्षाला कुलूप किती वाजता लागतं ते छापत नाहीत.

हे मी राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणाला आलेल्यांसाठी लिहितेय. ग्रंथालयाचं नाव पुण्यात जयकर असेल, कोल्हापुरात खर्डेकर, कलिन्याला जवाहरलाल नेहरू. खिडक्या वेगळ्या, पण क्रम थोड्याफार फरकाने हाच.

सोबत काय ठेवायचं

एक साधी प्लास्टिकची फाइल घ्या. तिच्यात हे असू द्या :

- प्रवेश निश्चितीचं पत्र आणि फी भरल्याची पावती (दोन-दोन प्रती)
- बोनाफाइड, एकदमच तीन मागून घ्या
- आधारची प्रत, शक्यतो ‘मास्क्ड’. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवता येते, तिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात
- पासपोर्ट आकाराचे सहा फोटो, आणि त्याच फोटोची फोनमध्ये जेपीजी फाइल
- दहावीची गुणपत्रिका. नावाचा वाद झाला की शेवटी तीच काढतात
- पेन. हसू नका, खिडकीवरचं पेन दोरीला बांधलेलं असतं आणि चालत नाही

फोन नंबर मात्र असा द्या जो पुढची दोन वर्षं तुमच्याच हातात राहणार आहे. माझ्या वर्गातल्या एकाने प्रवेशाच्या वेळी वडिलांचा नंबर दिला. वडील शेतात, तिथे रेंज नाही, आणि ओटीपी दहा मिनिटांत बाद. प्रत्येक अर्जाला त्याची हीच गंमत व्हायची.

१. नावाचा घोळ आधी मिटवा

याचा कॉम्प्युटरशी काय संबंध, असं वाटेल. पण सगळी खाती नावावर उघडतात, आणि आपल्याकडे नाव दोन पद्धतींनी लिहितात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं, शेवटी आईचं. आधारवर आपलं, वडिलांचं, आडनाव. इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठेतरी एक ‘ए’ कमी-जास्त.

हा घोळ पहिल्यांदा अडतो तो अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यावर. हा बारा आकडी क्रमांक डिजिलॉकरमधून काढायचा असतो, आणि तुमचे श्रेयांक (क्रेडिट्स) त्यातच जमा होतात. डिजिलॉकर नाव आधारवरून उचलतं, विद्यापीठ गुणपत्रिकेवरून. दोन्ही जुळलं नाही की श्रेयांक अडकतात. स्पेलिंगमध्येच फरक असेल तर दिवाळीच्या सुट्टीची वाट न बघता पहिल्या पंधरवड्यात आधार केंद्रावर जाऊन दुरुस्त करा. परीक्षेचे अर्ज सुरू झाले की विद्यार्थी साहाय्य कक्षात कोणाला श्वास घ्यायला वेळ नसतो.

२. विद्यापीठाचा ईमेल मिळवा

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. पुढच्या बहुतेक सगळ्या सोयींची किल्ली हा पत्ताच आहे : वायफाय, घरून नियतकालिकं, फुकट सॉफ्टवेअर, कंपन्यांच्या विद्यार्थी सवलती. तरी माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी पहिल्या सत्रात तो घेतलाच नव्हता, कारण ‘जीमेल आहे की’.

काही ठिकाणी प्रवेश झाला की तो आपोआप तयार होतो आणि पासवर्ड एसएमएसने येतो. काही ठिकाणी विभागाच्या कार्यालयातून यादी संगणक केंद्राकडे जाते. यादी गेली का, हे विभागातल्या लिपिकांना विचारा. ‘गेली असेल’ म्हणाले तर गेलेली नाही. नम्रपणे तारीख विचारा आणि त्या तारखेला परत जा. मी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी मॅडमनी माझ्यासमोर यादी पाठवली, त्यात आमचा सगळा वर्ग होता.

पत्ता हातात आला की लगेच तीन गोष्टी करा.

पासवर्ड बदला. बऱ्याचदा पहिला पासवर्ड म्हणजे जन्मतारीख किंवा प्रवेश क्रमांक असतो, आणि ते दोन्ही सूचनाफलकावरच्या गुणवत्ता यादीत लागलेलं असू शकतं.

पासवर्ड विसरल्यास परत मिळवण्यासाठी आपला खासगी ईमेल आणि फोन जोडा.

फोनमध्ये हे खाते टाका आणि सूचना चालू ठेवा. शिष्यवृत्तीची मुदतवाढ, लॅबच्या बदललेल्या वेळा, कार्यशाळांची नोंदणी हे सगळं इथे येतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचेपर्यंत दोन दिवस जातात आणि जागा भरतात.

३. वायफाय

आवारातलं वायफाय साधारण दोन प्रकारचं असतं. एकात जोडल्यावर लॉगिनचं पान उघडतं. ते उघडत नसेल तर फोनमधलं व्हीपीएन आणि ‘प्रायव्हेट डीएनएस’ बंद करा, नव्वद टक्के वेळा तिथेच अडकलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात तुमच्या यंत्राचा मॅक पत्ता (नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचा क्रमांक) अर्जावर लिहून द्यावा लागतो, वसतिगृहात विशेषतः.

इथे एक सापळा आहे, त्यात मी आठवडाभर अडकले होते. आताचे फोन आणि लॅपटॉप गोपनीयतेसाठी प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट मॅक पत्ता दाखवतात. तुम्ही अर्जावर खरा लिहिता आणि फोन दाखवतो दुसराच. अँड्रॉइडमध्ये त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी’ म्हणून एक ओळ असते. तिथे ‘रँडमाइज्ड मॅक’ऐवजी ‘डिव्हाइस मॅक’ निवडा. विंडोजमध्ये ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ बंद करा. नेटवर्क रूममधल्या सरांनी हे सांगायला बारा सेकंद घेतले. त्याआधीचा आठवडा मी नवा अर्ज, नवी सही करत फिरत होते.

तुमच्या आवारात एड्युरोम, म्हणजे शिक्षणसंस्थांचं सामायिक वायफाय, असेल तर ते आधी जोडा. भारतात ते अर्नेट इंडिया चालवतं. एकदा जोडलं की देशातल्या आणि परदेशातल्या एड्युरोम असलेल्या कुठल्याही आवारात फोन आपोआप जोडला जातो. परिषदेला किंवा दुसऱ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलात की याचं मोल कळतं. वापरकर्त्याच्या नावात मात्र ईमेल पूर्ण लिहायचा, ‘ॲट’च्या पुढच्या भागासकट. नुसतं नाव लिहिलं तर स्वतःच्या आवारात चालल्यासारखं वाटतं आणि बाहेर गेल्यावर बंद.

४. संगणक कक्ष : एक नसतो, तीन असतात

नवीन मुलं ‘लॅब कुठे आहे’ विचारतात आणि जे पहिलं दार दाखवलं जातं तिथेच दोन वर्षं रांग लावतात. खरं तर साधारण तीन जागा असतात.

विभागाची लॅब. तास नसेल तेव्हा मिळते, पण किल्ली कोणाकडे असते हे माहीत हवं. ती बहुधा प्रमुखांकडे नसते, शिपाईकाकांकडे असते. काकांशी ओळख ठेवा.

ग्रंथालयातला इंटरनेट विभाग. इथे ग्रंथालयाचं कार्ड दाखवून वहीत नाव, वेळ, यंत्राचा क्रमांक लिहायचा. एका वेळी तासभर, मागे कोणी नसेल तर आणखी तास. ती वही सांभाळायला बसणारे विद्यार्थी बऱ्याचदा ‘कमवा व शिका’मधले असतात, म्हणजे आपल्यातलेच. कुठलं यंत्र संथ आहे, कुठल्या कळफलकाची ‘ए’ अडकते, दुपारी गर्दी कधी ओसरते, हे सगळं त्यांना माहीत असतं. आमच्याकडे दीड ते अडीच ही वेळ सोन्याची होती. सगळे मेसला.

तिसरी जागा म्हणजे विद्यापीठाचं संगणक केंद्र. इथली यंत्रं चांगली, पण वापरायला विभागप्रमुखांच्या सहीचा अर्ज लागू शकतो. प्रकल्पासाठी जास्त ताकदीचं यंत्र हवं असेल तर हा अर्ज जरूर करा.

दृष्टिहीन किंवा कमी दिसणाऱ्या मित्रांसाठी : एनव्हीडीए हा स्क्रीन वाचणारा प्रोग्राम फुकट आहे, पेनड्राइव्हवर ठेवून कुठल्याही विंडोज यंत्रावर चालवता येतो, आणि मराठी मजकूरही वाचतो. लॅबमध्ये तो नसेल तर सोबत न्या, हेडफोनसकट.

डेस्कटॉपवर काही ठेवू नका. हे मुद्दाम सांगतेय कारण मी पोळलेय. सार्वजनिक लॅबमधली यंत्रं बहुधा अशी बसवलेली असतात की बंद होऊन सुरू झाली की पुन्हा मूळपदावर येतात. व्हायरस राहू नये म्हणून ते योग्यच आहे. मला माहीत नव्हतं. सोयाबीनच्या भावांवरचा सेमिनारचा पेपर, अकरा पानं, डेस्कटॉपवर ‘फायनल’ नावाने ठेवला आणि चहाला गेले. वीज गेली, आली. परत येऊन पाहते तर पडद्यावर नुसता निळा डोंगर आणि ‘रीसायकल बिन’. तिथल्या दादाने मान हलवली, म्हणाला, ‘ताई, इथे कोणाचंच काही राहत नाही.’

तेव्हापासून मी फाइल थेट ऑनलाइन ड्राइव्हवर उघडते आणि तिथेच लिहिते. विद्यापीठाच्या ईमेलला गूगलचं किंवा मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलेलं असतं, त्यात ऑनलाइन वर्ड किंवा डॉक्स मिळतं. दर ओळीला आपोआप जतन होतं. उठताना दोनच कामं : खात्यातून बाहेर पडणं, आणि ब्राउझरने ‘पासवर्ड लक्षात ठेवू का’ विचारलं होतं तेव्हा ‘नको’ म्हटलं होतं ना, हे आठवणं. त्यापेक्षा सोपं म्हणजे ‘इन्कॉग्निटो’ खिडकीतच काम करायचं.

५. पेनड्राइव्ह आणि झेरॉक्सचं दुकान

गेटबाहेरच्या दुकानातल्या यंत्रावर दिवसाला शेकडो पेनड्राइव्ह लागतात. तिथून आल्यावर सगळे फोल्डर अचानक ‘शॉर्टकट’ झालेले दिसले तर घाबरून फॉरमॅट मारू नका, आणि त्या शॉर्टकटवर टिचकीही मारू नका. फाइली बहुतेक वेळा तिथेच असतात, फक्त लपवलेल्या. ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’ चालू करा, त्या फिकट रंगात दिसू लागतात. तेवढ्याच उचलून ड्राइव्हवर चढवा, मग पेनड्राइव्ह पुसा.

छापायला नेहमी पीडीएफच द्या. वर्डची फाइल दुकानातल्या यंत्रावर उघडली की तक्ते दुसऱ्या पानावर घसरतात आणि मराठीचे चौकोन होतात. दुकानाच्या व्हॉट्सॲपवर आधार, जातीचा दाखला, गुणपत्रिका पाठवत असाल तर छपाई झाल्यावर ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करा. दुकानाच्या यंत्रावर स्वतःचं व्हॉट्सॲप उघडलं असेल तर फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन ते बंद झालंय का पाहा. माझं एकदा चार दिवस उघडं होतं.

६. खोलीवर बसून ग्रंथालय

ही सोय मला दुसऱ्या वर्षी कळली, याची चुटपुट अजून आहे.

२०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. ३० मोठ्या प्रकाशकांची जवळपास १३,००० संशोधन नियतकालिकं सरकारी विद्यापीठांना आणि संस्थांना मिळतात, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. २०२५ पासून ती सुरू झाली. व्यवस्था गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे यूजीसीचं केंद्र बघतं. एखाद्या लेखावर ‘तीस डॉलर भरा’ असं दिसलं की आपण पान बंद करतो. तोच लेख विद्यापीठाच्या वायफायवरून बऱ्याचदा उघडतो, कारण प्रकाशक विद्यापीठाच्या नेटचा आयपी पत्ता (इंटरनेटवरची त्याची ओळख) ओळखतो.

आवाराबाहेरून उघडायचं तर इन्फेड नावाची सोय आहे :

१. ग्रंथालयात जाऊन ‘रिमोट ॲक्सेस’चा अर्ज मागा. इन्फेड हे नाव घ्या, लवकर कळतं.
२. विद्यापीठाचा ईमेल द्या. जीमेल चालत नाही (वरचा ईमेलचा मुद्दा आठवा).
३. खातं सुरू झाल्याचा ईमेल येतो. पासवर्ड ठेवा.
४. प्रकाशकाच्या पानावर ‘संस्थेमार्फत लॉगिन’ असं काहीतरी असतं. तिथे आपल्या विद्यापीठाचं नाव शोधा.

एक करू नका : एका दमात शेकडो लेख उतरवणारा प्रोग्राम चालवू नका. प्रकाशक पूर्ण विद्यापीठाचा प्रवेश तोडू शकतो, आणि मग तुम्हाला शोधत येतात.

लॉगिन न लागणारंही बरंच आहे. शोधगंगावर देशभरातले पीएचडी प्रबंध आहेत. आपल्या विषयावर आधी कोणी काय केलंय हे मार्गदर्शकांना भेटण्याआधी तिथे बघून जा. आयआयटी खरगपूरचं नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे. इतिहास-अर्थशास्त्रवाल्यांनी पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह बघाच. ब्रिटिश काळातले दुष्काळ आणि शेतीवरचे अहवाल मी तिथे फोनवर वाचले, बसमध्ये उभ्याने.

प्रबंधिका लिहीत असाल तर साम्य तपासणीही (मजकूर दुसरीकडून उचललाय का, हे पाहणं) ग्रंथालयातच होते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, त्यापुढे टप्पे आहेत. फुकटच्या अनोळखी संकेतस्थळावर आपला मजकूर चढवून तपासू नका. तो पुढे कुठे जातो, सांगता येत नाही.

७. मराठीत लिहिणार असाल तर

युनिकोडमध्येच लिहा. गावातल्या डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलं तर ते तुमच्या यंत्रावर अगम्य दिसेल, शोधता येणार नाही, ईमेलमध्ये चिकटवता येणार नाही. विंडोजमध्ये भाषा वाढवून मराठी घेतली की इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कळफलक मिळतात. फोनेटिक पहिल्याच दिवशी जमतो. इन्स्क्रिप्टला मला तीन आठवडे लागले, पण आता हात विचार न करता चालतात. लॅबच्या यंत्रावर सेटिंग बदलू देत नसतील तर गूगल डॉक्समध्ये ‘इनपुट टूल्स’ चालू करा. घाई असेल तर फोनवर बोलून मजकूर उतरवा आणि नंतर यंत्रावर सुधारा. ‘ऱ्या’ आणि ‘र्या’ एकदा डोळ्यांखालून घाला, तिथे हमखास चुकतं.

८. क्रॅक नको

वर्गात कोणीतरी पेनड्राइव्हमधून सांख्यिकीचं ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर वाटत असतो. घेऊ नका. आर आणि जॅमोव्ही फुकट आहेत, एम. ए.-एम. कॉम.च्या प्रकल्पाला पुरून उरतात. भूगोलवाल्यांना नकाशांसाठी क्यूजीआयएस, मॅटलॅब हवं असणाऱ्यांना सायलॅब किंवा ऑक्टेव्ह, वर्डऐवजी लिबरऑफिस, संदर्भसूचीसाठी झोटेरो. यांतली बरीच आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर साधारण दहा-दहा मिनिटांच्या चित्रफितींत शिकता येतात, आणि अनेक मराठीत आहेत. लॅबमध्ये शेजारी बसून कोणी शिकवावं, असा त्यांचा सूर आहे.

पायथन शिकणाऱ्यांना गूगल कोलॅब पुरतं. जड काम गूगलच्या यंत्रावर होतं, तुमच्याकडे फक्त ब्राउझर लागतो. सत्र तुटलं की त्यातल्या फाइली जातात, म्हणून ड्राइव्ह जोडूनच काम सुरू करा. म्हणजे पुन्हा माझ्या सोयाबीनचीच गोष्ट.

९. लॅपटॉप घ्यायचाच असेल

पहिला महिना थांबा. आपल्याला नक्की काय लागतं ते तोवर कळतं. लिहिणं, वाचणं, आर चालवणं एवढंच असेल तर कंपन्यांतून निघालेला जुना लॅपटॉप उत्तम. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला भाव काढून या, पण पहिल्या दुकानात घेऊ नका. आठ जीबी रॅम आणि एसएसडी, याच्या खाली जाऊ नका. दुकानातच नोटपॅड उघडून प्रत्येक कळ दाबून बघा, चार्जर काढून वीस मिनिटं चालवा, कॅमेरा-माइक तपासा. बंद करून पुन्हा सुरू करा : सुरुवातीलाच पासवर्ड मागितला किंवा एखाद्या कंपनीचं नाव आलं तर तो तिथेच ठेवा. पावती आणि लेखी वॉरंटी घ्या. ‘आपलंच दुकान आहे’ ही वॉरंटी नव्हे.

१०. निघताना

शेवटच्या सत्रात ‘नो ड्यूज’ची धावपळ सुरू होते आणि त्यात एक गोष्ट राहते. पदवी झाली की विद्यापीठाचा ईमेल काही महिन्यांत बंद होऊ शकतो, आणि त्याबरोबर ड्राइव्हवरचं सगळं. गूगलचं खातं असेल तर ‘टेकआउट’ने सगळं एकदम उतरवता येतं. नोकरीच्या अर्जांवर, झोटेरोवर, इतर ज्या ज्या ठिकाणी तो पत्ता दिलाय तिथे खासगी पत्ता टाका. आणि ग्रंथालयाची अनामत परत घ्यायला विसरू नका, मूळ पावती लागते. माझी पावती त्या प्लास्टिकच्या फाइलमध्येच होती, बोनाफाइडच्या मागे चिकटलेली.